पांढऱ्या नखाचं माप

आमची कुत्री दिसायच्या आधी ऐकू यायची. दुपारी जेवणं उरकलेली असायची, पंखा कुरकुरत असायचा, आणि मधल्या खोलीतल्या फरशीवर टक टक टक असा आवाज सुरू व्हायचा. ती पाणी प्यायला निघालेली असायची. कुत्र्याची नखं फरशीवर वाजायला लागली की ती वाढली आहेत, असं समजावं. हे मला ठाऊक होतं. तरी वर्षभर मी तो आवाज ऐकूनही कानाआड केला.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस त्या आवाजात फरक पडला. टक टक टक, मग थोडी पोकळी, मग पुन्हा टक. ती पुढचा उजवा पाय उचलून चालत होती. मी चष्मा लावून लांबूनच पाहिलं. पायाच्या आतल्या बाजूला, जमिनीपासून थोडं वर, जे पाचवं नख असतं, ते आकड्यासारखं वळून कातडीला टेकलं होतं. बाकीची नखं चालताना झिजतात. हे एक नख कुठे टेकत नाही, म्हणून ते वाढत राहतं आणि वाढता वाढता वळतं. त्याखालची कातडी लाल झाली होती. आणखी काही दिवसांनी ते मांसात शिरलं असतं.

लांबून पाहिलं असं म्हणालो, कारण जवळून पाहू द्यायला ती तयार नसते. मी बाजूला बसलो की ती चारही पाय पोटाखाली घेते. हे गेली कित्येक वर्षं चालू आहे. घरात सगळ्यांना वाटतं, मी कधीतरी तिच्यावर ओरडलो असेन. मीही तसंच वाटू दिलं.

आम्ही तिला रिक्षात घालून बोईसरला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणजे एक तरुण बाई आहेत. दवाखाना नवा होता तेव्हापासून आम्ही त्यांच्याकडे जातो. रिक्षावाला आरशातून सारखा मागे बघत होता.

"बाबा, काटेगी तो नहीं?"

"तिचे दात पडले रे," बायको म्हणाली, "तू रस्त्यावर बघ. खड्डे चावतील तुला."

एरवी वर्षातून एकदा, लस टोचायच्या वेळी, तोंडाला पट्टी बांधून डॉक्टरीणबाई तेवढं ते एक नख कसंबसं छाटून द्यायच्या. या वेळी टेबलावर ठेवताच कुत्री अशी थरथरायला लागली की तिची जीभ जांभळट झाली. बाईंनी लगेच पट्टी सोडली. छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं.

"काका, गुंगी देऊन कापता येईल. पण हिचं वय झालंय आणि हृदय मला ठीक वाटत नाहीये. मी तो धोका घेणार नाही. हे घरीच करा. तिच्या नेहमीच्या जागेवर, तिच्या माणसाच्या मांडीवर. काकू, ही तुमच्याकडे शांत असते ना? तुम्ही धरा, काका कापतील."

"मी नाय धरणार," बायको म्हणाली. "माझा हात हालतो."

एखादी बाई आपल्याला साखर आहे असं ज्या सुरात सांगते, त्याच सुरात तिने हे सांगितलं. तक्रार नाही, लाज नाही, फक्त माहिती. बाईंनी मान हलवली आणि माझ्याकडे पाहिलं.

त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. मी टेबलावरचा कटर उचलला आणि त्याची धार बघत बसलो.

आता मागचं सांगतो. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत मी आयुष्यभर एकाच कामावर होतो. तयार झालेला माल मोजून पास किंवा नापास करायचा. आमच्याकडे एक पद्धत होती. मशीनवरून पहिला नग उतरला की तो चारही बाजूंनी मोजायचा. तो बरोबर निघाला की त्याला नमुना ठरवायचं आणि पुढचा सगळा माल त्याच मापाने काढायचा. लोखंडाच्या बाबतीत ही पद्धत चांगली आहे. लोखंडाचा एक नग दुसऱ्यासारखाच असतो.

माल नापास झाला की मशीनवरचा माणूस पहिलं वाक्य काय बोलायचा, तेही मला पाठ होतं. "साहेब, पकड हलली." पकड म्हणजे ज्यात काम घट्ट बांधतात ती. मी कधीच वाद घालत नसे. हात पुढे करायचो आणि म्हणायचो, "कापलेला तुकडा दाखव." पकड खरंच हलली असेल तर काप वाकडा जातो, त्याची कड फाटते. तुकडा खोटं बोलत नाही. या एका वाक्यामुळे मला तिथे थोडाफार मान होता आणि मला त्याची घमेंडही होती.

नोकरी संपल्यावर मी कुंभवलीच्या घरी बसलो तेव्हा ही कुत्री तरुण होती. पिल्लू असताना आमच्या दारात आली आणि राहिली. मातकट रंगाची, कान एक उभा, एक पडलेला. नखं काळी, फक्त पुढच्या डाव्या पायाचं एक नख पांढरं. त्या सुमारास एका टेम्पोने तिचा मागचा पाय दुखावला. बरेच दिवस ती घरातच होती आणि नखं वाढली. मी बायकोला म्हणालो, "त्यात काय आहे? मी केसाएवढा फरक पकडत आलोय. नखं कापायला डॉक्टर कशाला?"

ओट्यावर गोणपाट अंथरलं. वायर कापायचा कटर, कानस, माप घ्यायची पट्टी आणि खडू असं सामान मांडलं. बायको भिंतीला टेकून बसली आणि तिने कुत्रीचं डोकं मांडीवर घेतलं. एका हाताने ती पंजा धरून माझ्यापुढे करत होती, दुसऱ्या हाताने तिच्या कपाळावरून बोटं फिरवत होती. तिच्या डोळ्यांत बघून तिच्याशी काहीबाही बोलत होती. माझ्याकडे किंवा पंजाकडे तिचं लक्ष नव्हतं. असायचं कारणही नव्हतं. पकडीने कामाकडे बघायचं नसतं.

पांढरं नख उजेडात धरलं की आतली जिव्हाळी गुलाबी दिसते. टोकापासून तिथवर किती जागा आहे ते मी मोजलं. थोडं राखून खडूने खूण केली आणि कापलं. सुरेख निघालं. कुत्री हललीसुद्धा नाही. पहिला नग पास.

काळ्या नखातलं काही दिसत नाही. मी त्या पांढऱ्या नखाचं माप घेतलं आणि उरलेल्या सगळ्या नखांवर टोकापासून तेवढ्याच अंतरावर खडूच्या रेघा मारल्या. डावा पाय नीट पार पडला. मग उजवा घेतला.

आमची कुत्री उजव्या पायाने उकरते. नारळाच्या बुंध्याशी, गोठ्याच्या कडेला, जिथे ओल असेल तिथे. पाय दुखत असतानाही ती अंगणात तेवढं करायचीच. त्यामुळे उजव्या पायाची मधली नखं झिजून आखूड झाली होती आणि जिव्हाळी टोकाशी आली होती. मी रोज तिला उकरताना बघत होतो. नखं हातात घेतल्यावर ती आखूड आहेत हेही दिसत होतं. पण माझ्याकडे माप होतं.

मी रेघेवर कटर लावला आणि दाबला.

कुत्री ओरडली तसा आवाज मी पुन्हा कधी ऐकलेला नाही. तिने हवेत तोंड मारलं, ते बायकोच्या मनगटावर गेलं. दात बांगडीवर बसले आणि बांगडी वाढली. बायकोचा हात झटक्याने मागे आला. कुत्री सुटून घरात पळाली, फरशीभर रक्ताचे ठिपके. हिरव्या काचा गोणपाटावर पडलेल्या.

"काय झालं? काय झालं हो?" बायको विचारत होती.

"हात हलवलास तू," मी म्हणालो.

मी अजून उठलोही नव्हतो. विचार करून बोललो असं म्हणायलाही जागा नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलेलं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं, ते बाहेर पडलं. विचार नंतर केला, आणि विचार करूनही ते मागे घेतलं नाही.

कारण गोणपाटावर नखाचा तो तुकडा पडला होता. मी तो उचलला. काप सरळ होता. कड कुठे फाटलेली नव्हती. आणि कडेला खडूच्या रेघेची अर्धी जाडी राहिली होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. हात तिळभर जरी हलला असता तर काप रेघ सोडून गेला असता. आधी मी कापलं, मग कुत्री ओरडली, मग बांगडी वाढली आणि सगळ्यात शेवटी बायकोचा हात हलला. हे चारही टप्पे पाहणारा मी एकटा होतो. तो तुकडा मी कुंपणाबाहेर फेकला.

रक्त बराच वेळ थांबत नव्हतं. बायकोनेच खाटेखाली शिरून, हळद दाबून धरून ते थांबवलं. संध्याकाळी बोईसरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कसं झालं? मी म्हणालो, हिचा हात हलला. बाई चांगल्या मनाच्या. त्या बायकोला म्हणाल्या, "असू दे काकू, होतं असं. पुढच्या वेळी जरा घट्ट धरा." बायकोने मान डोलावली. झालं. माझ्या वाक्यावर डॉक्टरांचा शिक्का बसला.

आमची मुलगी पालघरला असते. रविवारी आली तेव्हा तिला सगळं सांगितलं गेलं आणि तिने त्याची गंमत केली. गंमत करण्यासारखीच गोष्ट होती ती. "आई, चहा गाळू नकोस, मी गाळते. तुझा हात हलतो!" "आई, सुईत दोरा बाबांना ओवू दे, तुझा हात हलतो!" आम्ही सगळे हसायचो. बायकोही हसायची. मी जरा जास्तच मोठ्याने हसायचो.

ती गंमत कुठवर जाईल ते मला कळलं नाही.

माझी बायको तारापूरच्या बाजूची, समुद्रकाठची. मी माकुणसारचा, भाजीवाड्यांतला माणूस. लग्नानंतर पहिल्यांदा सासुरवाडीला राहिलो तेव्हा मी तिला कामाला बसलेली पाहिली. दारासमोर बांबूंवर दोऱ्या ताणलेल्या, त्यावर बोंबील जोडीजोडीने, एकमेकांच्या जबड्यात जबडा अडकवून सुकायला घातलेले. ती बोलता बोलता, तिसरीकडेच बघत, जोड्या अडकवत होती. मग विळीवर पापलेट घेतलं. नवऱ्याला दाखवायचं म्हणून तिने तुकडे केले असावेत. विड्याच्या पानावर पान ठेवावं तसे एकसारखे. हातांची पारख मला होती, धंदाच तो होता माझा. त्या दिवशी मी मनात म्हणालो, या हातांना कधी मोजावं लागणार नाही.

दारावर मासळीवाली येते ती तिच्याच माहेरच्या गावची. सगळ्यांना मासळी कापून देते. आमच्या घरी मात्र कधी नाही. दर्याकाठच्या बाईने विकत घेतलेली मासळी दुसऱ्या बाईकडून कापून घ्यायची, हे तिकडे कोणी करत नाही. आजारी असली तरी सून कापील, लेक कापील, पण विकणारीच्या विळीवर नाही.

बांगडी वाढली त्याला वर्ष झालं असेल. एक दिवस मी ओट्यावर पेपर वाचत होतो. बायको मासळीवालीला म्हणाली, "जरा कापून दे गो."

मासळीवाली बघतच राहिली. "कापून? तुला? बाय, बरं नाय काय तुला?"

"हात हालतो माझा आताशा."

मासळीवालीने वाद न घालता कापून दिलं. मी पेपराचं पान उलटलं. त्या पानावर काय होतं ते मला आजतागायत आठवत नाही. तिच्या हातात एवढीही थरथर नव्हती. तांदूळ निवडताना मी चोरून पाहत असे, फुलांची वेणी करताना पाहत असे. हात तसाच होता. तिचा त्याच्यावरचा भरवसा तेवढा गेला होता, आणि तो मी काढून घेतला होता. त्यानंतर आमच्या घरात मासळी कापूनच येऊ लागली.

आणखी एक होतं. रोज जेवताना ती आपल्या ताटातला माशाचा मधला तुकडा काढायची, काटे वेचायची आणि कुत्रीला द्यायची. मला वाटायचं, लाड. मी एकदोनदा म्हणालोसुद्धा, "डोक्यावर बसवून ठेव तिला."

तर या वेळी दवाखान्यातून परत आलो तेव्हा हे सगळं असं होतं. बाईंनी कुत्र्यांच्या नखांसाठीचा कटर दिला होता आणि मला बाजूला घेऊन समजावलं होतं. एकदम कापायचं नाही. तांदळाच्या कणीएवढं कापायचं आणि कापलेल्या जागेकडे बघायचं. आधी ती पांढरट, कोरडी दिसेल. मधोमध गडद ओलसर ठिपका दिसायला लागला की थांबायचं, त्याच्या मागे जिव्हाळी आहे. रक्त आलंच तर मक्याचं पीठ दाबून धरायचं. आज एक पाय, उद्या दुसरा, घाई नाही. "आणि काका, एका नखावरून दुसऱ्याचा अंदाज करू नका. प्रत्येक नख वेगळं असतं."

त्या बाईंना काही माहीत नव्हतं. त्या सगळ्यांनाच असं सांगत असतील.

काही दिवस मी एकट्याने प्रयत्न केला. कटर कुत्रीच्या बिछान्याशेजारी ठेवला, हुंगू दिला, बिस्किट दिलं. बिस्किट तिने खाल्लं. मी पंजाला बोट लावलं की ती पाय ओढून घ्यायची आणि मान दुसरीकडे वळवायची. चावली असती तर बरं वाटलं असतं. ती फक्त मान वळवायची. बायको दारात उभी राहून बघायची.

"तुमच्याकडं नाय देत ती पाय."

"तू धर मग."

"परत रक्त काढायचं काय तिचं माझ्या हातून?" एवढं बोलून ती आत जायची.

कातडी आता सुजली होती. नखाचं टोक दिसेनासं होत चाललं होतं. कुत्री दिवसभर ती जागा चाटायची. बाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, "काका, आता थांबू नका. आत गेलं तर गुंगी द्यावीच लागेल, आणि ते मला नकोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मासळीवाली आली. टोपली उतरवली. पापलेट होती, चांगली ताजी. बायकोने दोन निवडली आणि नेहमीप्रमाणे पुढे सरकवली. मासळीवालीने विळी पायाखाली घेतली.

"थांब," मी म्हणालो. "कापू नकोस."

"का वो बाबा? उपास धरला काय आज?"

"घरी कापू."

"कोन? तुमी?" तिला एवढं हसू आलं की तिने पापलेट टोपलीत ठेवून दिलं. "बाय, बग गो, तुजा नवरा मावरं कापतोय आता! बोटं सांबाळा बाबा, बोटं नाय विकत मिलत."

"गप कापू दे तिला," बायको मला म्हणाली. "उगाच काय? माझा हात..."

"तुझा हात हलला नव्हता."

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. मी ठरवून आलो नव्हतो. पण खोटं जेव्हा बोललो तेव्हा ते दवाखान्यात, लेकीपुढे, सगळ्यांपुढे बोललो होतो. ते एकांतात मागे घेणं म्हणजे पुन्हा चोरीच झाली असती. मी ओट्यावर उभा राहून सांगितलं. पांढऱ्या नखाचं माप काळ्यांना लावलं ते, रेघ मारली ते, आधी मी कापलं आणि हात नंतर हलला ते. तुकड्याच्या कडेवर खडूची अर्धी रेघ होती, तेही सांगितलं.

मासळीवालीने दोन्ही पापलेटं बायकोच्या ताटलीत ठेवली, अख्खी. टोपली उचलली.

"मी फुडची आळी करून येते," ती म्हणाली. "तुमचं भांडान आटपलं की हाक मारा."

भांडण झालं नाही. बायको पायरीवर बसून राहिली. कुत्री आतून आली, टक टक, पोकळी, टक, आणि तिच्या बाजूला आडवी झाली.

"कुठं हाय तो तुकडा?" तिने विचारलं.

"फेकला."

"कदी?"

"तेव्हाच. तू आत खाटेखाली होतीस."

तिने मान हलवली. मग म्हणाली, "मी रोज हिची माफी मागत होते. जेवताना. पहिला घास हिला, म्हनून. मनात म्हनायचे, बाई, माझा हात हालला, तुला लागलं, माफ कर. येवढी वर्षं. आन तुमी समोर जेवत होता."

मला माहीत नव्हतं, असं मी म्हणालो नाही. तो तुकडा रोज डोळ्यांसमोर ताटातून निघत होता. मला विचारावंसं वाटलं नाही, कारण उत्तर काय येईल याची भीती होती.

"लेकीला फोन लावा," ती म्हणाली.

"संध्याकाळी सांगतो. आता ती कामावर..."

"आता. आन आवाज मोठा ठेवा, मला आयकू दे."

मी लावला. सगळं पुन्हा सांगितलं. मुलगी आधी हसली. तिला वाटलं, ही त्याच जुन्या गमतीची पुढची गंमत आहे. मग हसणं थांबलं. "बाबा, मग इतके दिवस मी आईला..." वाक्य अर्धंच सोडून तिने विचारलं, "आई आहे तिथे?"

"हाय," बायको म्हणाली. "रविवारी ये. चहा मी गाळीन."

फोन ठेवल्यावर तिने हात धुतले, पदर खोचला आणि माझ्याकडे हात पसरला. मला कळलं नाही.

"कटर द्या."

"तू कापणार?"

"तुमी कापनार होता? एकदा बगितलं ना तुमाला कापताना."

मी बाईंनी सांगितलेलं सगळं तिला सांगितलं. कणीएवढं, मग बघायचं, गडद ठिपका दिसला की थांबायचं. ती ऐकत होती. मक्याचं पीठ एका बशीत काढून ठेवलं. कुत्रीचं डोकं तिच्या मांडीवर होतंच. मी मोबाईलचा उजेड धरायला बसलो, हात लांब करून, माझी सावलीही पंजावर पडणार नाही अशा बेताने.

तिने पंजा हातात घेतला. कुत्रीने ओढला नाही. अंगठ्याने सुजलेली जागा हळूच मागे सारून तिने नखाचं टोक मोकळं केलं. मग कटर लावला आणि थांबली. मला वाटलं, आता ती हात मागे घेणार. ती आपल्याच हाताकडे बघत होती. किती वेळ बघत होती ते सांगता येत नाही. मग दाबला.

पहिली कणी फरशीवर पडली.

"उजेड हालवू नका," ती म्हणाली.

माझा हात हलत होता. मी मोबाईल दोन्ही हातांनी धरला. ती एक कणी कापायची, वाकून बघायची, पुन्हा एक कणी. वळलेलं टोक गेलं. कातडीवर त्याचा खळगा उमटला होता, रक्त नव्हतं. आणखी दोनदा कापल्यावर तिने कटर खाली ठेवला. "दिसला ठिपका," म्हणाली. मी पाहिलं. मला आधी दिसला नाही. नंतर दिसला.

बाकीच्या नखांना तिने त्या दिवशी हात लावला नाही. आज एवढंच, म्हणाली. पुढचे काही दिवस दुपारी ती एकेक पाय घेऊन बसायची. प्रत्येक नख वेगवेगळं बघायची. डाव्या पायाच्या पांढऱ्या नखापाशी आली तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाली, "हेच ना ते?" मी हो म्हणालो. ते तिने सगळ्यात शेवटी कापलं.

कुत्री अजून मी जवळ बसलो की पाय पोटाखाली घेते. ते तसंच राहील असं वाटतं. तिच्याकडे मी कोणत्या भाषेत खुलासा करू? पण चालताना आता आवाज येत नाही. दुपारी कधी ती बाजूला येऊन उभी राहते आणि मला कळतही नाही.

डॉक्टरीणबाईंना सांगायचं राहिलं होतं. बायकोने ते विसरू दिलं नाही. पायावरची सूज दाखवायला गेलो तेव्हा तिने मला कोपराने ढोसलं आणि मी सांगितलं. बाई क्षणभर गोंधळल्या, जुनी गोष्ट त्यांना आठवेना. मग बायकोला म्हणाल्या, "काकू, मी तेव्हा तुम्हाला काही बोलले होते का?"

"घट्ट धरा म्हनाला होता."

"सॉरी हं, काकू."

"तुमी कशाला? तुमाला जे सांगितलं त्यावर तुमी बोलला."

हे सगळं लिहून काढायचं कारण एवढंच, की जे त्या काळात आमच्या घरी येऊन ती गंमत ऐकून गेले, त्या सगळ्यांना फोन करणं मला जमणार नाही.

आणि त्या दिवशीचं थोडं राहिलं. नखाचं काम झाल्यावर बायकोने माळ्यावरून आपली विळी काढायला लावली. मीच स्टूलावर चढून काढली. पात्यावर गंज चढला होता, तो चिंचेने घासून काढला. मासळीवाली पुढची आळी करून परत आली आणि फाटकाशीच थांबली. बायकोने ताटलीतलं पापलेट उचललं, विळीवर बसली आणि मला म्हणाली, "तुमी हितं बसा. समोर."

मी बसलो.

"बगा आता. हालतो काय ते नीट बगा."

मी बघितलं. शेवटचा तुकडा होईपर्यंत बघत राहिलो.